वाईट बातमी वेळेवर कळावी म्हणून: नेतृत्वातील भावनिक बुद्धिमत्तेचा सराव

काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिक आढावा बैठकीत माझ्या एका सहकाऱ्याने सांगितले की, ठरलेले काम मुदतीत होणार नाही, अजून निदान बारा दिवस लागतील. मी आवाज चढवला नाही की कोणाचा पाणउतारा केला नाही. हातातले पेन टेबलावर जरा जोरात ठेवले, खुर्चीत मागे रेललो आणि ‘हे तुम्ही आज सांगताय?’ एवढेच म्हणालो. बैठक पुढे सुरळीत पार पडली. त्यानंतरचे दोन महिने त्याच बैठकीत सगळी कामे वेळेवर चालल्याचे मला ऐकायला मिळत होते, आणि मग एकाच आठवड्यात तीन कामे कोलमडली. चौकशी केली तेव्हा कळले की, या तिन्ही कामांतल्या अडचणी हाताखालच्या जवळजवळ प्रत्येकाला महिनाभर आधीपासून ठाऊक होत्या. त्या मला सांगण्याची वेळ आली की, प्रत्येकाला ते पेन आठवत असे.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड बोलणे, सर्वांना सांभाळून घेणे आणि कोणाचे मन न दुखावणे असा समज सर्वत्र आढळतो. माझ्या मते नेतृत्वाच्या संदर्भात तिचा खरा संबंध माहितीशी आहे. ज्याच्या हाती निर्णय असतो त्याच्यापर्यंत अप्रिय गोष्ट किती लवकर आणि किती कमी साखर लावून पोहोचते, हे त्याच्या चेहऱ्यावर, आवाजात आणि पहिल्या प्रतिक्रियेत काय दिसते यावर ठरते. जो आपल्या भावना हाताळू शकत नाही, त्याच्याभोवती री ओढणारी माणसे गोळा होतात. ती मुळात लबाड असतात असे नाही, तर खरे बोलण्याची किंमत त्यांनी एकदा मोजलेली असते. पुढील विवेचन याच दृष्टीने केले आहे: ज्याला वाईट बातमी निर्धास्तपणे सांगता येईल, असा माणूस कसे व्हावे?

संज्ञेबद्दल थोडक्यात

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एका शोधनिबंधातून मांडली आणि १९९७ मध्ये तिच्या चार क्षमता निश्चित केल्या: भावना ओळखणे, विचार करताना भावनांचा उपयोग करून घेणे, एखादी भावना कशातून उपजते व पुढे कोणते वळण घेते हे समजणे, आणि स्वतःच्या व इतरांच्या भावनांचे नियमन करणे. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ही संज्ञा सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली, तर १९९८ मधील त्यांच्या एका लेखाने तिची सांगड थेट नेतृत्वाशी घातली. तेव्हापासून ‘बुद्ध्यंकापेक्षा हीच मोठी’ अशा थाटाची विधाने व्याख्यानांतून सर्रास केली जातात. संशोधन इतके उदार नाही. डेना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी २०१० मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ज्या कामांत भावना सांभाळणे हाच कामाचा मोठा भाग असतो तेथे या क्षमतेचा उपयोग दिसला. इतर कामांत तो फारसा आढळला नाही. माणसांचे नेतृत्व करणे हे पहिल्या प्रकारचे काम आहे, म्हणूनच ही क्षमता शिकून घेण्यात अर्थ आहे. मात्र विषयाचे ज्ञान, नियोजन आणि हिशेब यांची उणीव ती भरून काढत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

आधी स्वतःच्या भावनेला नेमके नाव द्या

बहुतेक वरिष्ठांच्या बोलण्यात स्वतःच्या भावनेसाठी एकच शब्द असतो, तो म्हणजे राग. मराठीत याबाबत शब्दांची इतकी श्रीमंती असताना ही काटकसर का, हे कोडेच आहे. चीड, वैताग, त्रागा, उद्वेग आणि संताप एकाच कुळातले असले तरी प्रत्येकाचे कारण वेगळे असते. वैतागलेल्या माणसाला तीच अडचण पुन्हा पुन्हा सतावत असते, त्रागा करणाऱ्याचे कोणी ऐकत नसते, आणि चीड आलेल्याला काहीतरी अन्याय्य घडल्यासारखे वाटत असते. शिवाय रागाच्या आड भलतेच काही दडलेले असू शकते: धास्ती, धाकधूक, हिरमोड, असूया, ओशाळलेपण, किंवा चारचौघांत तोंडघशी पडण्याची भीती. मी पेन आपटले त्या दिवशी मला राग आला आहे, असे मला वाटले होते. पुढे शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की ती धास्ती होती, कारण त्या मुदतीचा शब्द मी स्वतः वरिष्ठांना देऊन बसलो होतो. त्या वेळी हे ओळखले असते तर सहकाऱ्याला प्रश्न विचारण्याऐवजी मी वरिष्ठांना फोन करायला उठलो असतो. नाव चुकले की उपायही चुकीच्या माणसावर होतो.

नाव देण्याचा परिणाम शरीरापर्यंत पोहोचतो. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या प्रतिमांकनाच्या प्रयोगात, भावना व्यक्त करणाऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे लोकांना दाखवली. दिसणाऱ्या भावनेला शब्द देताना, भीती आणि धोक्याशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागाची सक्रियता कमी झालेली आढळली. प्रयोगशाळेतील छायाचित्रे आणि बैठकीतला प्रसंग यांत पुष्कळ अंतर आहे हे खरे, तरी ज्यांनी हा सराव केला आहे त्यांना त्यातला फरक पटण्यासारखा आहे.

सराव साधा आहे, पण चिकाटीचा आहे. दोन आठवडे रोज तीन वेळा, म्हणजे सकाळी कामाला बसताना, दुपारी आणि निघण्यापूर्वी, वहीत एक ओळ लिहावी: आत्ता काय वाटते आहे, ते कशामुळे, आणि शरीरात ते कोठे जाणवते आहे. अट एवढीच की ‘राग’, ‘ताण’ आणि ‘ठीक’ हे तीन शब्द वापरायचे नाहीत. पहिले चार दिवस लेखणी अडते. नंतर आपल्या काही खुणा आपल्यालाच दिसू लागतात: एखाद्याचा जबडा आवळला जातो, कोणाचे बोलणे भरभर होते, कोणी अचानक अतिशय औपचारिक आणि नम्र भाषा वापरू लागतो. ही तिसरी खूण सर्वांत फसवी असते, कारण बोलणाऱ्याला ती संयमासारखी वाटते आणि ऐकणाऱ्याला वादळापूर्वीच्या शांततेसारखी.

दाबणे वेगळे, वळवणे वेगळे

भावना ओळखल्यानंतर बहुतेकांची पुढची पायरी चुकते, कारण नियमन म्हणजे चेहरा निर्विकार ठेवणे असे ते धरून चालतात. जेम्स ग्रॉस यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले असून भावनेचे दमन आणि प्रसंगाचे पुनर्मूल्यांकन या दोन वाटांतला फरक त्यांनी दाखवला आहे. दमनात भावना आत तशीच उसळत राहते, फक्त चेहऱ्यावरची तिची वाट बंद होते. पुनर्मूल्यांकनात प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलल्याने भावना घडतानाच वेगळी घडते. २००३ मध्ये एमिली बटलर, ग्रॉस आणि इतरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारा चित्रपट दाखवून त्यावर बोलायला सांगितले होते. काही जोड्यांतील एकीला, समोरचीच्या नकळत, भावना चेहऱ्यावर दिसू द्यायच्या नाहीत अशी सूचना होती. अशा जोडीदारणीशी बोलणाऱ्या स्त्रीचा रक्तदाब वाढलेला आढळला. दगडी चेहऱ्याच्या वरिष्ठासमोर बसून आलेल्या कोणालाही या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे पहिले वाक्य आधीच ठरवून ठेवणे. ‘मी शांत राहीन’ हा निश्चय ऐन वेळी टिकत नाही, कारण त्यात नेमके काय करायचे हे सांगितलेले नसते. पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून असे दिसले आहे की ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ अशा जर-तरच्या रूपात बांधलेला निश्चय अमलात येण्याची शक्यता अधिक असते. म्हणून कागदावर लिहावे: ‘कोणी मुदत चुकणार असे सांगितले, तर माझे पहिले वाक्य “बरे झाले सांगितलेत” हे असेल आणि दुसरे “आत्ता कशाची गरज आहे?” हे असेल.’ कारणमीमांसा, जबाबदारी आणि आवश्यक असल्यास कानउघाडणी हे सर्व नंतर करायचेच आहे. त्यासाठी वेळ ठरवून घ्यावा. पहिली तीस सेकंदे मात्र चौकशीची नसतात. समोरचा माणूस त्या तीस सेकंदांत, पुढच्या वेळी सांगायचे की नाही, हे ठरवत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भावना लपवता येणार नाही इतकी मोठी असेल तर ती शब्दांत सांगून टाकणे. ‘हे ऐकून मला धास्ती वाटली आहे, कारण मी पुढे शब्द दिला आहे. मला दहा मिनिटे द्या, मग आपण बसू,’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. समोरच्याला दिसणाऱ्या आठ्यांचा अर्थ त्यामुळे त्याला स्वतः लावावा लागत नाही. आणि माणसे असा अर्थ लावतात तेव्हा तो बहुधा स्वतःच्या विरोधातच लावतात. रात्री उशिरा लिहिलेल्या संतप्त निरोपांचाही नियम हाच: लिहावा, जपून ठेवावा, सकाळी वाचावा. सकाळी त्यातला एखादाच परिच्छेद पाठवण्यायोग्य उरतो, आणि अनेकदा तोही फोनवर बोलून भागतो.

तिसरी गोष्ट पुनर्मूल्यांकनाची. येथे स्वतःची समजूत घालणे अपेक्षित नाही. ‘काही बिघडले नाही’ असे स्वतःला सांगितल्याने बिघडलेले दुरुस्त होत नसते. प्रश्न बदलायचा असतो. ‘याने असे कसे केले?’ या प्रश्नाऐवजी ‘हे माझ्यापर्यंत यायला इतके दिवस का लागले?’ असा प्रश्न मनात धरला की त्याच प्रसंगातून रागापेक्षा कुतूहल अधिक निघते, आणि कुतूहल असलेल्या माणसाशी इतरांना बोलता येते.

हळू आवाजात सांगितलेले ऐकू येणे

२८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडजवळ एक डीसी-८ प्रवासी विमान उतरण्याच्या तयारीत असताना त्याची चाके बाहेर काढतेवेळी मोठा धक्का बसला आणि ती नीट बसल्याची खात्री होईना. अनुभवी वैमानिकाने विमान आकाशातच सुमारे तासभर फिरवत ठेवले आणि चाकांची तपासणी व प्रवाशांची तयारी यांत तो पूर्ण गढून गेला. सहवैमानिक आणि उड्डाण अभियंता यांनी त्या काळात इंधनाचा विषय काढला होता, पण तो आकडे सांगावेत तसा, सौम्यपणे. ‘आपल्याला आत्ताच उतरले पाहिजे’ असे कोणी ठणकावून सांगितले नाही. इंधन संपले, इंजिने बंद पडली, विमान वस्तीत कोसळले आणि त्यातील १८९ जणांपैकी १० जण मृत्युमुखी पडले. उड्डाण अभियंता त्या दहांपैकी एक होता. चौकशी अहवालाने वैमानिकाने इंधनाकडे व सहकाऱ्यांच्या सूचनांकडे दिलेल्या अपुऱ्या लक्षावर बोट ठेवले, तसेच इतरांना आपली चिंता प्रभावीपणे पोहोचवता न आल्याचीही नोंद केली. अशा अपघातांच्या अभ्यासातूनच विमान कर्मचाऱ्यांच्या परस्परसंवादाचे प्रशिक्षण उभे राहिले; त्यासंबंधीची एक महत्त्वाची कार्यशाळा नासाने १९७९ मध्ये भरवली होती.

हा प्रसंग मला वारंवार आठवतो, कारण त्यात कोणीही उद्धट नव्हते. अधिकाराच्या उतरणीवर शब्द आपोआप मऊ होतात. कनिष्ठ व्यक्ती ‘थोडी अडचण आहे’ म्हणते तेव्हा ती अडचण थोडी असतेच असे नाही. ‘बघतो’ याचा अर्थ अनेकदा ‘होणार नाही’ असा असतो. आणि ‘तुम्ही म्हणता तसे करू’ या वाक्यात मतभेद गिळलेला असू शकतो. नेतृत्व करणाऱ्याने हा अनुवाद करायला शिकले पाहिजे. कोणी ‘थोडी अडचण’ म्हणाले तर ‘आपण काहीच केले नाही तर पुढच्या आठवड्यात काय होईल?’ असे विचारावे. उत्तर आकड्यांत मिळाले तर उत्तम. उत्तरापूर्वी लांब श्वास आला, तर तो श्वास हेच उत्तर समजून बैठक संपल्यावर त्या व्यक्तीला एकटे गाठावे.

बोलण्याच्या क्रमाकडेही लक्ष हवे. ज्याच्या हाती अंतिम निर्णय आहे त्याने आपले मत शेवटी मांडावे आणि सर्वांत नवख्याला प्रथम बोलू द्यावे, कारण वरिष्ठांनी दिशा दाखवली की उरलेली मते त्याच दिशेने वाहू लागतात. प्रश्न विचारल्यावर थांबावे. मनात दहापर्यंत आकडे मोजले तर तेवढी शांतता विचित्र वाटते, तरी ती सहन करावी. ती भरून काढण्याची घाई बहुधा आपल्यालाच असते. ‘कोणाला काही शंका?’ हा प्रश्न तर विचारूच नये, कारण त्याला ‘नाही’ म्हणणे फार सोपे आहे. ‘या योजनेत सर्वांत आधी काय मोडेल असे तुम्हाला वाटते?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर देताना माणूस अडखळतो.

संशोधक एमी एडमंडसन यांचा एक अनुभव येथे नोंदवण्याजोगा आहे. रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करताना, चांगल्या गटांत औषधांसंबंधीच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. शोध घेता असे दिसू लागले की चांगल्या गटांत चुका उघडपणे बोलल्या जात होत्या, तर इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी मानसिक सुरक्षिततेवरचा, म्हणजे गटात मनातले बोलले तरी त्याचा त्रास होणार नाही या विश्वासावरचा, आपला प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. ज्यांच्या अहवालात कधीच चूक दिसत नाही, अशा गटाचे कौतुक करण्यापूर्वी त्यामुळे थोडे थांबावे.

कठोर गोष्ट सांगताना

भावनिक बुद्धिमत्तेचा सर्वांत मोठा गैरवापर येथेच होतो. मन दुखावेल म्हणून अनेक जण वर्षभर गुळमुळीत बोलतात आणि वार्षिक मूल्यमापनात एकदम सगळे बाहेर काढतात. हा दयाळूपणा असल्याचे भासवले जाते, पण बहुतेक वेळा त्यामागे स्वतःला अवघड प्रसंग नको असणे एवढेच असते.

एक प्रसंग घेऊ. एक ज्येष्ठ, अत्यंत कुशल सहकारी कनिष्ठांना बोलू देत नाही. ‘तुमचा स्वभाव जरा तापट आहे, सांभाळून घ्या,’ असे त्याला सांगितले तर काय होईल? स्वभावावर ठपका बसला की माणूस स्वतःचा बचाव करणारच, आणि शिवाय नेमके काय बदलायचे हे त्याला कळणार नाही. त्याऐवजी बंद दाराआड, घटना ताजी असताना, असे म्हणता येते: ‘मंगळवारी त्या दोघी आकडेवारी मांडत असताना तुम्ही त्यांना तीनदा मध्येच तोडले. तिसऱ्या वेळेनंतर त्या बैठक संपेपर्यंत बोलल्या नाहीत. तुमच्या लक्षात आले होते का?’ आणि मग गप्प बसायचे.

तो बहुधा उसळून म्हणेल, ‘मग काय, चुकीचे आकडे ऐकत बसायचे का?’ येथे दोन मोह होतात: लगेच माघार घेण्याचा किंवा आवाज चढवण्याचा. दोन्ही टाळून त्याच्या बोलण्यातला खरा भाग उचलावा. ‘आकडे चुकले होते, हे तुमचे बरोबर आहे. ती चूक तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षातही आली नसती. माझी अडचण वेगळी आहे: पुढच्या वेळी चूक झाली तर त्या ती तुमच्यापासून लपवतील. ते आपल्याला परवडेल का?’ या वाक्यात त्याच्या कौशल्याचा मान राखला आहे, वर्तनाबद्दल तडजोड केलेली नाही, आणि त्याची किंमत त्याला कळेल अशा भाषेत सांगितली आहे. संभाषणाच्या अखेरीस एकच ठोस गोष्ट ठरवावी, उदाहरणार्थ, मांडणी पूर्ण होईपर्यंत हरकती कागदावर लिहून ठेवायच्या. दोन आठवड्यांनी त्याबद्दल आपणहून विचारावे. सुधारणा दिसली तर ती त्याच दिवशी बोलून दाखवावी; येथे कंजुषी करणारे वरिष्ठ मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि काही काळ मी त्यांच्यातलाच एक होतो.

गटाची मनःस्थिती

नेत्याची मनःस्थिती गटात पसरते, हे टॉमस साय, स्टेफान कोटे आणि रिचर्ड सावेद्रा यांच्या २००५ च्या प्रयोगात दिसून आले. गमतीचा भाग असा की प्रसन्न नेत्यांच्या गटांत समन्वय चांगला होता, तर खिन्न नेत्यांच्या गटांनी मेहनत अधिक घेतली. म्हणजे सदैव हसतमुख राहणे हा काही सार्वकालिक उपाय नाही. गांभीर्य दाखवण्याच्या वेळी ते दाखवावेच लागते.

याचे एक जुने उदाहरण अंटार्क्टिकातले आहे. ध्रुवीय मोहिमांचे नेते अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एंड्युरन्स’ जहाज बर्फात अडकले, २७ ऑक्टोबर १९१५ रोजी त्यांना ते सोडून द्यावे लागले आणि पुढच्या महिन्यात ते बुडाले. अठ्ठावीस माणसे बर्फावर उरली. शॅकल्टन यांनी तंबूंत माणसांची विभागणी करताना ज्यांच्या कुरबुरीचा इतरांना उपद्रव होईल अशा काहींना स्वतःच्या तंबूत घेतले. पुढे २२ जणांना एलिफंट बेटावर ठेवून पाच सोबत्यांसह ते एका छोट्या बोटीतून सुमारे १,३०० किलोमीटरच्या सागरी प्रवासाला निघाले. सोबत असलेल्या फ्रँक वर्स्ली यांनी लिहून ठेवले आहे की, कोणी थंडीने अधिक कुडकुडताना दिसला की शॅकल्टन सर्वांसाठीच गरम दूध करायला सांगत. ते आपल्यासाठी आहे, हे त्या माणसाला कळू देत नसत, कारण आपली प्रकृती ढासळते आहे या जाणिवेनेच तो खचला असता. बेटावरच्या २२ जणांची ३० ऑगस्ट १९१६ रोजी सुटका झाली.

या कथेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. बोटीच्या कडा उंचावून तिला त्या समुद्राला तोंड देण्याजोगी करणारा सुतार हॅरी मॅकनिश याने त्यापूर्वी बर्फावर एकदा आज्ञा मोडली होती. शॅकल्टन यांनी त्याला ध्रुवीय पदकासाठी शिफारस नाकारली. ज्या नेत्याला एका कुडकुडणाऱ्या माणसाचे मन इतके कळत होते, त्याला ती अढी सोडता आली नाही. भावनिक बुद्धिमत्ता हा एकदा मिळवून कायम राहणारा गुण नसून प्रसंगागणिक कमी-अधिक होणारी क्षमता आहे, हे या एकाच माणसाकडे पाहून कळते.

काही सावधगिरीच्या गोष्टी

माणसांच्या भावना अचूक ओळखणारा त्यांचा वापरही करून घेऊ शकतो. कोणाला कौतुकाची भूक आहे, कोणाला एकटे पडण्याची भीती आहे, हे हेरून कामे करवून घेणारे वरिष्ठ काही काळ यशस्वी होतात. ते उघडकीला आले की मात्र त्यांच्या खऱ्या आपुलकीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आपण जे करतो आहोत त्याचे कारण समोरच्याला उघड सांगता येईल का, ही कसोटी लावावी.

समानुभूती म्हणजे होकार नव्हे. एखाद्याची अडचण पूर्ण समजून घेऊनही त्याची मागणी नाकारावी लागते, आणि ती नाकारताना ‘मला फार वाईट वाटते आहे’ असे वारंवार म्हणत आपले सांत्वन करण्याचे काम त्याच्यावर टाकू नये. तसेच सतत इतरांच्या भावना सांभाळणे हे श्रमाचे काम आहे. कामाचा भाग म्हणून स्वतःच्या भावना अशा आवरण्याला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉचशील्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम असे नाव दिले. ज्या दिवशी तीन अवघड संभाषणे झाली, त्या दिवशी चौथे उद्यावर ढकलावे. थकलेला माणूस जर-तरचे निश्चय सर्वांत आधी विसरतो.

प्रगती कशी मोजावी

स्वतःच्या अंदाजावर येथे विसंबता येत नाही. ऑलिव्हर शेल्डन, डेव्हिड डनिंग आणि डॅनियल एम्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात, भावनिक बुद्धिमत्तेच्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्यांनीच स्वतःबद्दल सर्वाधिक अवास्तव कल्पना बाळगल्याचे आणि सुधारणेत कमी रस दाखवल्याचे आढळले. म्हणून मोजमाप बाहेरचे हवे. दर तीन महिन्यांनी दोन-तीन सहकाऱ्यांना एकेकटे गाठून ‘गेल्या काळात मला सांगायला अवघड गेलेली एखादी गोष्ट कोणती?’ असे विचारावे. पहिल्या खेपेला ‘तसे काही नाही’ असेच उत्तर मिळेल. आग्रह धरू नये. पुढच्या खेपेला पुन्हा विचारावे, आणि उत्तर मिळाले तर त्याचा खुलासा करत बसू नये. आभार मानून ते लिहून घ्यावे.

मी स्वतः वापरतो ते मोजमाप आणखी साधे आहे. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखलेले असतात. एखादी अडचण माझ्यापर्यंत आली की पहिल्या रकान्यात ती प्रथम कोणाच्या तरी लक्षात आल्याची तारीख लिहितो आणि दुसऱ्यात ती मला कळल्याची. पेनाच्या प्रकरणानंतर या दोन तारखांत पाच-पाच आठवड्यांचे अंतर असे. ते दहा दिवसांवर यायला वर्ष गेले, आणि त्यानंतर मध्येच एकदा ते पुन्हा वीस दिवसांवर गेले. त्या महिन्याची पाने उलटून पाहिली तेव्हा एका बैठकीत मी कोणाचे तरी बोलणे अर्धवट तोडल्याची, माझ्याच अक्षरातली, एका ओळीची नोंद सापडली.